वाटा कोणाच्या खिशातला?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. परदेशी संस्था 80 टक्के देतेय, उरलेले 20 गावाने घालायचे, गावाकडे आत्ता नाहीत. तेव्हा श्रमदानाचे दिवस फुगवून आकडा जुळवू का, असं विचारतेस. नको. ज्याचा वाटा, त्याच्याच खिशातून यायला हवा.

महाराष्ट्रातल्या 'जलस्वराज्य' या ग्रामीण पाणीपुरवठा प्रकल्पाच्या वेळची गोष्ट सांगतो. 2003 साली जागतिक बँकेचं कर्ज मंजूर झालं. योजनेच्या भांडवली खर्चाचा 10 टक्के वाटा गावाचा, आदिवासी गावांना 5. एका गावाचं पासबुक माझ्यासमोर आलं. सगळी लोकवर्गणी एकाच दिवशी, एकरकमी जमा. पावतीपुस्तक कोरं करकरीत, सगळ्या पावत्या एकाच हाताच्या, एकाच शाईतल्या. पैसे ठेकेदाराने भरलेत हे शेंबडं पोरही सांगेल. मी सही केली. मार्चअखेर होती, हप्ता अडला असता. (हे कारण मला अजूनही थोडं पटतं, त्याचाच राग येतो.) ठेकेदाराने ते पैसे पाइपांच्या दर्जातून वसूल केले. पुढे गळती लागली, वीजबिल थकलं, आणि विचारायला गेलो तर लोक म्हणाले, "टाकी त्या ठेकेदाराची. त्यालाच विचारा."

शेजारच्या गावाने वर्गणीला आठ महिने लावले. वरची आळी खालच्या आळीच्या आधी देईना. वरिष्ठांनी माझी खरडपट्टी काढली. पण पाइपांचा ट्रक आला तेव्हा पाणी समितीच्या कोषाध्यक्ष बाई टेप घेऊन उभ्या होत्या, एकेक नग मोजत. इंजिनिअर हसला, तशा म्हणाल्या, "माझे साडेचारशे आहेत यात."

गावकीच्या गोष्टी मोठ्या प्रकल्पांना लागू नाहीत, हे तुमचं ऑफिसातलं शहाणपण मला सांगू नकोस. बांगलादेशातला पद्मा पूल बघ. जून 2012 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून जागतिक बँकेने 120 कोटी डॉलरचं कर्ज रद्द केलं, एडीबी (आशियाई विकास बँक) आणि जायका (जपानची मदतसंस्था) यांचे पैसेही मग आले नाहीत. तो आरोप कॅनडातल्या कोर्टात टिकला नाही, ते असो. ढाक्याने स्वतःच्या तिजोरीतून पूल उभा केला आणि जून 2022 मध्ये खुला केला. कर्ज देणारे उठून जातात गं. गावाला जायला दुसरीकडे जागा नसते.

श्रमदान खरं असेल तर खुशाल धर, पण हजेरीपटासकट. आणि पैसे नाहीत म्हणतेस, तू घरोघर विचारलंस की सरपंचांना फोन केलास? सोमवारी त्या संस्थेला लिही की पहिला हप्ता सहा महिने पुढे ढकला. मसुदा आधी मला पाठव. पावतीपुस्तकाचं पहिलं पान फाटेल तेव्हा त्याचा फोटोही.