वाचकांचे प्रश्न : सोडून दिलेली कुत्री, देणग्या आणि तात्पुरते घर

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या टोकाला, कनाडिया रस्त्याच्या बाजूला, गेल्या आठवड्यापासून एक पिवळसर लॅब्राडोर मादी फिरते आहे. गळ्यात पट्टा नाही, पण पट्ट्याच्या जागी केस झिजलेले आहेत, आणि कोणतीही पांढरी मोटार थांबली की ती तिच्या दाराशी जाऊन उभी राहते. घरी मी, यजमान आणि सासूबाई असे तिघेच आहोत. तिला कायमचे पाळणे आम्हाला जमणार नाही. तिला एखाद्या निवाऱ्यात पोहोचवावे, की काही आठवडे घरी ठेवून तिच्यासाठी घर शोधावे?
— एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : शक्य असेल तर घरी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात वाढलेल्या कुत्रीला रस्त्यावर जगता येत नाही. वस्तीतली कुत्री तिला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत, वाहनांचा अंदाज तिला नसतो आणि अन्न शोधण्याची सवय तर मुळीच नसते. त्यातून आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रेसर राहिले आहे. त्याचा अभिमान आपल्या सर्वांनाच आहे, परंतु उघड्या कचरापेट्या नाहीशा झाल्यावर अशा जनावराची सारी भिस्त कुणीतरी हाताने घातलेल्या घासावरच उरते. निवाऱ्यांबद्दल म्हणाल, तर तिथल्या जागा अपघातात पाय मोडलेल्या, कंबर गेलेल्या किंवा जखमेत अळ्या पडलेल्या जनावरांसाठी राखाव्या लागतात, आणि इतक्या आजारी जनावरांच्या सहवासात धडधाकट कुत्र्यालाही संसर्ग होण्याची भीती असते.

पहिले काम म्हणजे ती खरोखर सोडून दिलेली आहे की हरवलेली, याची खात्री करणे. तिचे छायाचित्र जवळच्या पशुवैद्यकांकडे, कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि पोलीस ठाण्यात द्यावे, मात्र तिची एखादी खूण, समजा पोटावरचा डाग किंवा कानाचा चिरा, छायाचित्रात येऊ देऊ नये. हक्क सांगायला येणाऱ्याने ती खूण स्वतःहून सांगितली पाहिजे. जातिवंत मादी पिल्लांच्या धंद्यासाठी फुकट मिळवू पाहणारे लोक असतात, म्हणून ही दक्षता. कातडीखाली बसवलेली मालकाच्या ओळखीची मायक्रोचिप वाचण्याचे यंत्र पशुवैद्यकाकडे असल्यास तेही फिरवून घ्यावे.

दुसरे काम पशुवैद्यकाकडील तपासणीचे. गोचीडतापासाठी रक्ततपासणी, जंतनाशक, रेबीजची लस आणि इतर रोगांची लस ही यादी ते स्वतःच सांगतील, पण तिची स्तने लोंबलेली आहेत का, हे तुम्हीही पाहावे. वारंवार विणी घेऊन झाल्यावर निरुपयोगी ठरवून टाकलेल्या माद्यांमध्ये ही खूण हमखास दिसते. नसबंदी न झालेली प्रौढ मादी सारखे पाणी पीत असेल, मलूल झाली असेल किंवा तिच्या योनीतून स्राव येत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण या आजारात एका रात्रीचा उशीरही जिवावर बेतू शकतो. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी महूचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे, याचा इंदूरकरांनी अधिक उपयोग करून घ्यायला हवा.

घरी आणल्यावर साधारण दोन आठवडे तिला वेगळ्या खोलीत ठेवावे. पिल्लांच्या बाबतीत तर यात हयगय चालतच नाही, कारण पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा, विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. त्यासाठी पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते. उपाशी राहिलेल्या कुत्रीला पहिल्याच दिवशी भरपेट जेवू घालण्याचा मोह आवरावा. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे : मऊ भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन. दूध पोळी बहुतेकांना बाधते, आणि कांदा-लसणाची फोडणी, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही कुत्र्यांना विषासमान आहेत. पहिले दोन-तीन दिवस ती कोपऱ्यात बसून राहील, कदाचित खाणारही नाही. अशा वेळी आंघोळ, पाहुणे आणि सततचे लाड टाळून तिला निवांत राहू द्यावे. सासूबाईंचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून आवर्जून सांगते, की लॅब्राडोर आनंदाच्या भरात अंगावर झेपावतो, तेव्हा त्या चालत असताना तिला पट्ट्याने बांधलेले असावे. वयस्कर माणसाचे पडणे हे तात्पुरता सांभाळ अर्ध्यावर सोडावा लागण्याचे एक मोठे कारण ठरते.

प्रश्न : जखमी कुत्र्यांच्या उपचारांसाठी मदतीची आवाहने मला रोज मोबाइलवर येतात. छायाचित्रे पाहवत नाहीत, पैसे द्यावेसे वाटतात, पण ते योग्य ठिकाणी जातात का, हे कळत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : उपचार चालू असलेल्या दवाखान्याच्या खात्यात थेट पैसे भरणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दवाखान्याचे नाव विचारावे, तिथे फोन करून कुत्र्याचा रंग, लिंग आणि दुखापत जुळते का ते पाहावे आणि बिल मागावे. प्रामाणिक माणसाला या चौकशीचा राग येत नाही. संस्थेला देणगी देणार असाल, तर तिची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे ८०जी प्रमाणपत्र पाहावे. ही करसवलत जुनी करपद्धती निवडणाऱ्यांनाच मिळते आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही, म्हणून रक्कम बँकेतूनच द्यावी.

परंतु मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. रक्ताळलेल्या छायाचित्राला पैसे मिळतात. तेच कुत्रे शस्त्रक्रियेनंतर तीन पायांवर चालू लागले की त्याचे छायाचित्र कुणाला हेलावत नाही, आणि त्यानंतरचे अन्न, लशी, सफाई करणाऱ्या माणसाचा पगार आणि जागेचे भाडे हा खर्च महिनोन्‌महिने तसाच चालू राहतो. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा लहान रक्कम देणारा देणगीदार संस्थेला अधिक आधार देतो. शिवाय कितीही पैसा जमला, तरी पिंजरे मोजकेच असतात. एक बरे झालेले कुत्रे कुणाच्या घरी गेले, तरच दाराशी थांबलेल्या दुसऱ्या जखमी कुत्र्याला आत घेता येते. ज्यांना घरी जनावर ठेवणे अशक्य आहे, त्यांनी अशा तात्पुरत्या घराचा खर्च उचलावा, असे मी सुचवीन. खाणे कुणाचे, औषधे कुणाची, मोठ्या आजाराचा निर्णय कुणी घ्यायचा आणि सांभाळणाऱ्याला गावी जावे लागले तर कुत्रे कुठे ठेवायचे, हे मात्र आधीच कागदावर लिहून दोघांनी सही करावी. मी पाहिलेली बहुतेक भांडणे हा कागद नसल्यामुळे झालेली आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या सभेत कुत्रे पाळण्यावर बंदी घालण्याचा ठराव झाला आहे. तात्पुरते ठेवलेले कुत्रेही काढा, असे सांगतात.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बहुमताने ठराव करूनही इमारतीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ती प्रत पदाधिकाऱ्यांना द्यावी, आणि सोबत लसीकरणाचे कार्डही द्यावे. जिन्यात पट्टा, घाण झाल्यास लगेच सफाई आणि रात्रीची शांतता या तीन गोष्टी पाळल्या, तर विरोध बराच निवळतो. दडपणाखाली कुत्रे दूर कुठेतरी नेऊन सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात अवघा १० ते ५० रुपये आहे, आणि तो वाढवण्याची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

प्रश्न : दोन महिने सांभाळलेले कुत्रे आता दत्तक जाणार आहे. मुलांना लळा लागला आहे. देताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मुलांना नवे घर पाहायला सोबत न्यावे. कुत्रे कुठे झोपणार आणि कुणाबरोबर फिरायला जाणार हे डोळ्यांनी पाहिले, की त्यांचे दुःख पुष्कळ कमी होते. दत्तक घेणाऱ्याच्या घरातील प्रत्येक मोठ्या माणसाची संमती स्वतः विचारून घ्यावी, घर भाड्याचे असल्यास घरमालकाचीही घ्यावी, आणि नसबंदी झाल्याशिवाय मादी देऊ नये. तिचे अंथरूण न धुता द्यावे, पहिल्या आठवड्याचे खाणे तुमच्याकडे होते तेच ठेवावे. करारपत्रात एक अट ठळकपणे लिहावी, की सांभाळणे जमले नाही तर कुत्रे परस्पर दुसऱ्या कुणाला न देता तुमच्याकडे किंवा संबंधित संस्थेकडे परत यावे, आणि त्यासाठी तुमचा दूरध्वनी क्रमांक त्याच पानावर असावा.