उत्तर इटलीतल्या किआवेन्नाला पहिल्यांदा जाताय?

मिलान सेंट्रालेहून तिरानोची गाडी पकडा आणि कोलिकोला उतरून किआवेन्नाची छोटी गाडी घ्या. गाडीत चढण्याआधी कागदी तिकिटावर स्टेशनच्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर दंड बसतो. सान लोरेन्झो चर्चमधलं एकाच दगडात कोरलेलं ११५६चं बाप्तिस्मापात्र चुकवू नका, फार देखणं आहे.

जेवण 'क्रोत्तो'तच, म्हणजे डोंगरातल्या तळघराच्या खाणावळीतच घ्या. डोंगराच्या फटींतून येणारी हवा ही तळघरं वर्षभर आठेक अंशांवर ठेवते, म्हणून उन्हाळ्यातही आत स्वेटर हवा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बहुधा बंद होतात. ब्रिझाओला म्हणजे गोमांस, शाकाहाऱ्यांनी पांढरे पित्सोक्केरी, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे मागवावेत. अक्वाफ्राज्जा धबधब्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.