इंग्लंडच्या शाळेत बदली काम आणि डीबीएस: नाशिकच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून जूनमध्ये रेडिंगला येताय, नाशिकला नऊ वर्षं बालवर्ग शिकवलाय, आणि सुरुवातीला इथल्या शाळांत बदली काम, म्हणजे गैरहजर कर्मचाऱ्याच्या जागी तात्पुरतं काम, करावं असं मनात आहे. इथली पोलीस पडताळणी दर तीन वर्षांनी रिन्यू करावी लागते हे खरं का, आणि तिकडून काय काय आणायचं? मी सहा वर्षं शाळांना तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत इथल्या शाळांत टीए (वर्गातली मदतनीस) आणि मिडडे सुपरवायझर (जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणारी) म्हणून जातेय. माझ्या अनुभवातून सांगते.

पहिली गोष्ट. इथल्या पडताळणीला डीबीएस म्हणतात आणि त्या कागदावर मुदत संपण्याची तारीखच नसते. 'रिन्यू' असं काही होत नाही, होतो तो नवा अर्ज. तीन वर्षांचा नियम शाळांनी किंवा एजन्सींनी आपापला केलेला असतो, कायद्यात तो नाही. कायम नोकरीतल्या माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. आपल्यासारख्या बदलीवाल्यांना होतो, कारण आज या एजन्सीकडून, उद्या त्या शाळेकडून, आणि प्रत्येकाला आपला ताजा कागद हवा असतो. शाळेसाठी लागतो तो एन्हान्स्ड डीबीएस, मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्यांची यादी तपासून दिलेला. त्याची सरकारी फी डिसेंबर २०२४ पासून ४९.५० पौंड आहे, वर एजन्सीचा आकार वेगळा. तीन ठिकाणी नाव नोंदवलंत आणि तिघांनीही वेगळा मागितला तर हिशोब तुम्हीच करा.

यावर उपाय म्हणजे डीबीएसचीच अपडेट सर्व्हिस नावाची ऑनलाइन नोंदणी. वर्षाला १६ पौंड. एकदा तिथे नाव नोंदवलं की पुढची शाळा तुमच्या परवानगीने ऑनलाइन पाहते, काही नवीन नोंद नसेल तर तोच जुना कागद चालतो. मात्र कागदावर छापलेल्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत नोंदणी झाली पाहिजे. पाकीट तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नाही, छापलेल्या तारखेपासून. ती खिडकी चुकली की पुन्हा नवा डीबीएस, पुन्हा फी, पुन्हा वाट बघणं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, अर्ज केल्यावर जो क्रमांक मिळतो तो घेऊन लगेच, कागद यायच्या आधीच नोंदणी करून टाका. तशी सोय आहे.

कागद फक्त तुमच्याच पत्त्यावर येतो, शाळेला प्रत जात नाही. नव्याने आलेली माणसं पहिले दोन-तीन महिने तात्पुरत्या घरात असतात, तेव्हा हे फार जपा. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं पाकीट जुन्या फ्लॅटच्या जिन्यात पडून राहिलं. हरवलेल्या कागदाची दुसरी प्रत मिळत नाही, आणि अपडेट सर्व्हिसमध्ये नाव असलं तरी शाळेला मूळ कागद डोळ्यांनी बघावा लागतो. मी माझा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्टसोबत ठेवते आणि कामाच्या पहिल्या दिवशी तो फोल्डर घेऊनच जाते. रिसेप्शनवरच्या बाई फोटो बघतात, चेहरा बघतात, मग लेनयार्ड, म्हणजे ओळखपत्राची पट्टी, गळ्यात येतं. एजन्सीने सगळं तपासलंय असं शाळेला लेखी कळवलेलं असतं, तरी आलेली व्यक्ती तीच आहे ना हे शाळेने स्वतः बघायचं असतं. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

माझं काय झालं तेही सांगते. दुसऱ्या वर्षी माझं बँकेचं कार्ड बदललं. अपडेट सर्व्हिसची फी दरवर्षी कार्डातून आपोआप कापली जाते. नव्या कार्डाचा नंबर मी टाकला नव्हता आणि आठवणीचे मेल जुन्या मेलवर जात होते. एका सोमवारी सकाळी एजन्सीचा फोन आला, तुमची नोंद सापडत नाही. बंद पडलेली नोंदणी पुन्हा चालू होत नाही, नवा डीबीएसच काढावा लागतो. पाच आठवडे काम नाही. बदली कामात कामाचा दिवस नाही तर पैसेही नाहीत, आणि त्या महिन्यात घरभाड्याचा माझा वाटा मी देऊ शकले नाही. तेव्हापासून फोनमध्ये दोन आठवणी लावल्यात, एक कार्डाच्या मुदतीची, एक नोंदणीच्या तारखेची.

आता आपल्या बायकांना जिथे हमखास अडतं ते: नाव. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं, कधीपासून कधीपर्यंत, हे द्यावं लागतं. आपल्याकडे दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. माझं तर लग्नात तांदळाच्या ताटात पहिलं नावसुद्धा बदललं होतं. इथल्या एजन्सीतल्या मुलीला ते समजावताना माझा अर्धा तास गेला. तिला वाटत होतं मी दोन वेगळ्या बायकांची कागदपत्रं आणलीत. पासपोर्टवर जसं आहे तसंच आजचं नाव लिहा, मधलं नाव गाळू नका, आणि माहेरचं नाव जुन्या नावांच्या रकान्यात घाला. विवाह नोंदणीचा दाखला आणा, राजपत्रात नाव बदललं असेल तर तेही. दाखला मराठीतच असेल तर इंग्रजी भाषांतर तिकडेच प्रमाणित करून घ्या.

नावांसारखाच पाच वर्षांच्या पत्त्यांचा रकाना, मधे एक महिनाही रिकामा चालत नाही. भाड्याचं घर, सासरी राहिलेले दिवस, पिनकोड, सगळं आत्ताच वहीत लिहून काढा. इथे आल्यावर घर बदललंत की तोही पत्ता जोडला जातो, आणि पत्ता ज्या पोलिसांच्या हद्दीत येतो त्यांच्याकडे विचारणा जाऊ शकते, म्हणून वेळ लागतो.

डीबीएसला भारतातल्या नोंदी दिसत नाहीत. त्यामुळे बाहेरून आलेल्यांकडे शाळा त्या देशाचा पोलीस दाखला मागते. तुमच्यासाठी तो पासपोर्ट सेवेतून मिळणारा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), फी ५०० रुपये. निघण्याआधी काढा. इथून काढायचा तर व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत भारताच्या हाय कमिशनकडे जावं लागतं आणि उगाच खर्च आणि दिवस जातात. फार आधीही काढू नका, जुना कागद लोकांना चालत नाही. निघायच्या दीड-दोन महिने आधी ठीक. डीबीएसचा अर्ज मात्र तिकडून करायच्या मागे लागू नका, शाळेच्या कामासाठी तो शाळा किंवा एजन्सीच करवून घेते. ओळखीसाठी पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (तुमचा व्हिसा ऑनलाइन दाखवायचा क्रमांक), आणि पत्त्यासाठी तीन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट. मोबाइलचं बिल चालत नाही. म्हणून आल्या आल्या बँक खातं तुमच्याही नावाने उघडा, सगळं मिस्टरांच्या नावावर राहू देऊ नका.

इथे रविवारच्या मराठी वर्गात मदत करायला जाल, जरूर जा. तिथे निघणारा डीबीएस स्वयंसेवक म्हणून, फुकट असतो. पण तोच कागद पगाराच्या कामाला चालत नाही, त्या भरवशावर राहू नका.

हे सगळं इतकं कडक का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. २००२ साली केंब्रिजशायरमधल्या सोहॅम गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी गावातल्याच एका शाळेचा केअरटेकर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, होता, आणि त्याच्यावरचे आधीचे आरोप दुसऱ्या भागातल्या पोलिसांना माहीत असूनही शाळेपर्यंत पोचले नव्हते. त्यानंतर चौकशी झाली, कायदा बदलला. हे कळल्यापासून रिसेप्शनवर कागद काढून देताना मला एकदाही कंटाळा आलेला नाही. माझीही मुलगी इथल्याच शाळेत जाते.

एक राहिलं. मी लिहिलंय ते इंग्लंडपुरतं. मिस्टरांची बदली पुढे स्कॉटलंडला झाली तर तिथे डीबीएसच्या जागी पीव्हीजी नावाची वेगळी योजना आहे, आणि तिथलं सदस्यत्व एप्रिल २०२५ पासून खरोखरच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. रेडिंगला पोचलात की कळवा, नावांचा तो रकाना आपण दोघी बसून भरू.