एकटी उठून जाऊ नकोस

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल पानभर लिहिलंयस, पण माझी नजर एकाच ओळीवर अडकली. ओठ चुरचुरायला लागले की तू कुणाला न सांगता बाथरूममध्ये जातेस. आज त्याबद्दलच लिहिते.

मीही हेच करायचे. एकदा ऑफिसात केकचा घास घेतला आणि घशात खवखव सुरू झाली. चारचौघांत तमाशा नको म्हणून गुपचूप उठले. आरशात पाहिलं तर मानेवर लाल गांधी उठत होत्या आणि पापण्या सुजायला लागल्या होत्या. मी तोंडावर पाणी मारत राहिले. अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचं पेन बाहेर खुर्चीला अडकवलेल्या पर्समध्ये होतं आणि दाराला आतून कडी. पाय लटपटायला लागले तेव्हा कशीबशी ती कडी काढली, म्हणून माझ्या मागे आलेल्या मैत्रिणीला आत येता आलं. आजही ती कडी आठवली की अंगावर काटा येतो.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात, रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी उभं राहिलं किंवा चाललं तर हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं. म्हणून असशील तिथेच आडवी हो, पाय उंचावर ठेव. दम लागत असेल तर पाय पसरून बस. पेन मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध टोचायचं. कपड्यावरून चालतं. मग लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. 5 मिनिटांनंतरही उतार नसेल तर दुसरं पेन, म्हणूनच दोन्ही कायम सोबत हवीत. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

"आधी गोळी घेऊन बघते" असंही तू लिहिलंयस. हे मला अजिबात पटलेलं नाही. अँटिहिस्टामाइनच्या, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळीने खाज आणि अंगावर उठलेल्या गांधी कमी होतात. आवळत चाललेली श्वासनलिका मोकळी करायचं आणि रक्तदाब सावरायचं काम अ‍ॅड्रेनालिनचं. ते घेतल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, पण थोड्या वेळात ओसरतं. कुठल्या लक्षणाला पेन वापरायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, म्हणजे ऐनवेळी मनाशी वाद घालत बसावं लागणार नाही.

बाकीचं तुला बहुतेक माहीतच आहे. ओळखीच्या पाकिटावरचंही लेबल दर वेळी वाच, कारण घटक बदलतात. पेन फ्रिजमध्ये नको, तापलेल्या गाडीतही नको. आतला द्रव गढूळ किंवा तपकिरी दिसला की नवीन घे.

लोकांना सांगायची लाज वाटते, हे मी समजू शकते. लांबलचक खुलासा करू नकोस. "मला शेंगदाण्याचा कणसुद्धा चालत नाही, आणि माझं पेन इथे आहे," एवढं बोलून पेन कुठे आहे ते दाखव. पुढच्या वेळी घसा खवखवला की शेजारच्या माणसाचं मनगट धर आणि सांग, "मला रिअ‍ॅक्शन येतेय." आवाज फुटला नाही तरी हात सोडू नकोस.

सरावाचं पेन मिळतं, त्यात सुई नसते. या रविवारी तुझ्या रूममेटला ते हातात दे आणि स्वतःच्या मांडीवर दाबून बघायला सांग. टोपी काढताना ती अडखळते का, पेनवर लिहिलेत तितके सेकंद धरून ठेवते का, ते बघ. झालं की रात्री मला फोन कर. मी वाट बघते.

तुझी,
ताई