स्विंडनला येऊ का? डिचोलीच्या भाच्याला उत्तर

बाबू,

तुझं म्हणणं थोडक्यात असं: हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आहे, गोवा एकेकाळी पोर्तुगालचा, म्हणून आजोबांचा आणि बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवून झालाय, वर्षभरात तुझा पोर्तुगीज पासपोर्ट हातात येईल. मग आतेभाऊ २०१४ साली आला तसं तिकीट काढून इंग्लंडला, माझ्याकडे स्विंडनला यायचं. पणजीतला एजंट म्हणतो, ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, उलट भारतीयांचं फावलंय. गावातले म्हणतात, सगळं बंद झालं. यातलं खरं काय, हा तुझा प्रश्न.

दोन्ही अर्धवट खरं आहे, आणि तुझ्या वाट्याला नेमका दोन्हीकडचा वाईट भाग येतो.

तुझा आतेभाऊ आला तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं. पोर्तुगीज पासपोर्ट दाखवला की झालं, व्हिसा नाही, मालकाचं पत्र नाही. उतरल्यावर आठवडाभरात तो गोदामात पॅकिंगला लागला होता. ही सोय ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकरा वाजता संपली. त्याआधीपासून इथे राहणाऱ्यांना 'सेटल्ड स्टेटस', म्हणजे इथेच राहून काम करायचा हक्क, मिळालं, त्यासाठी अर्जाची मुदत ३० जून २०२१. आज तू पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आलास तर पर्यटक म्हणून फिरशील, काम करू शकणार नाहीस. कामासाठी तुलाही व्हिसाच लागेल, जसा भारतीय पासपोर्टवाल्याला लागतो. म्हणजे इथे येण्यासाठी म्हणून भारतीय नागरिकत्व सोडशील तर हाती काहीच लागणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हे बाबांना पुन्हा एकदा नीट समजावून सांग. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, पण मतदान आणि सरकारी नोकरी गेली ती गेलीच.

त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांत मँचेस्टर रोडच्या आसपास घराघरात हेच चाललेलं. आमच्या खालच्या मजल्यावर सासष्टीच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांचा अर्ज मी माझ्या फोनवर भरला. आधी फोन पासपोर्टवर ठेवून आतली चिप वाचायची, ती पाच-सहा वेळा वाचलीच जाईना. मग चेहरा समोर धरायचा, आणि स्क्रीन लाल, हिरवी, निळी अशी चमकते. बाई प्रत्येक चमकेला डोळे मिटायच्या, वर क्रूस काढायच्या, की ॲप म्हणे पुन्हा करा. शेवटी स्टेटस आलं, पण हातात कागद नाही, फक्त ईमेल. घरमालक विचारतो तेव्हा संकेतस्थळावरून एक शेअर कोड काढून द्यायचा, त्यावरून तो आपलं स्टेटस तपासतो. मुलगी सोबत नसेल तर त्या बाईंनी हा कोड कुठून काढायचा?

आता एजंटच्या बोलण्याकडे येते, कारण त्याला मुळात आधार आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे.

युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, या २३ जून २०१६ च्या सार्वमतात कोणाला मत देता आलं, ठाऊक आहे? ब्रिटिशांना, आयरिशांना आणि इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना. म्हणजे आमच्या वरच्या खोलीत राहणारा, वर्क व्हिसावर आलेला, भारतीय पासपोर्टवाला हैदराबादी मुलगा मत द्यायला गेला. आणि त्याच घरातले आम्ही गोंयकार, कित्येक वर्षं कर भरणारे, पोर्तुगीज ठरलो म्हणून खिडकीतून बघत बसलो. त्या मुलाने 'लीव्ह'ला, म्हणजे बाहेर पडण्याला मत दिलं, आणि ते लपवलंही नाही. त्याचा हिशेब सरळ होता: रुमानियाचा माणूस विनाव्हिसा येतो, माझ्या बायकोला आणायला मात्र व्हिसा काढावा लागतो, हा कुठला न्याय? मला त्याचा राग आला होता, पण प्रश्न खोटा नव्हता. भारतीय वंशाच्या, तेव्हा मंत्री असलेल्या प्रीती पटेल यांनी 'लीव्ह'च्या प्रचारात नेमकी हीच नस पकडली होती: युनियनबाहेर पडलो की करी रेस्टॉरंटांना दक्षिण आशियातून माणसं आणता येतील. ब्रिटन युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतं, या प्रचाराच्या बसवर रंगवलेल्या दाव्यावर जग अजून भांडतं, आपल्या लोकांत मात्र हे करीचं आश्वासनच जास्त चाललं.

निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. स्विंडनमध्ये साधारण ५५ टक्के 'लीव्ह'. दुसऱ्या दिवशी गोदामात कोणी वाईट बोललं नाही, फक्त चहाच्या सुट्टीत टेबलं वेगळी झाली. पुढची साडेतीन वर्षं संसदेत जे चाललं ते तू टीव्हीवर बघितलंच असशील, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार २३० मतांनी पडला वगैरे. २०१९ च्या फेब्रुवारीत होंडाने इथला कारखाना बंद करणार असं जाहीर केलं, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणाली याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही. शहरात मात्र हा वाद अजून मिटलेला नाही. मी तरी सगळं खापर ब्रेक्झिटवर फोडणार नाही, इलेक्ट्रिक गाड्यांचंही कारण होतंच.

मग २०२१ पासून व्हिसासाठी नवी गुणांची पद्धत आली. युरोपियन आणि भारतीय एका रांगेत. दोन-तीन वर्षं खरंच भारतीयांची चलती होती: विद्यार्थी, नर्स, आणि २०२२ पासून वृद्धांची काळजी घेणारे केअर वर्करसुद्धा. एजंट ज्या काळाची गोष्ट सांगतो तो हाच. पण स्थलांतर कमी करू म्हणून ज्यांनी मतं मागितली, त्यांच्याच राज्यात जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेलं. लोक भडकले, आणि दार पुन्हा ढकललं गेलं. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वार्षिक पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर गेली, शिवाय काम पदवीच्या पातळीचं हवं. पदवी तुझी आहे, पण हॉटेलातली बहुतेक कामं व्हिसा मिळणाऱ्या कामांच्या यादीतून उडाली. केअर वर्करची परदेशातून भरतीही तेव्हाच बंद झाली. त्या व्हिसासाठी एजंटांना लाखो रुपये दिलेली मुलं मी इथे पाहिलीत. मालकाचं परदेशी माणसं ठेवायचं लायसन्स रद्द झालं की साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परत. तेव्हा तुझ्या एजंटला एकच विचार: कोणत्या व्हिसावर, कोणत्या पगारावर? लेखी माग.

आतेभाऊ तुला बोलावू शकत नाही. स्टेटसवाल्यांना नवरा-बायको, मुलं, आई-वडील असे जवळचेच आणता येतात, आणि लग्न २०२० संपण्याआधीचं हवं.

पासपोर्ट करणारच असशील तर आयर्लंडकडे बघ. तो देश युनियनमध्येच आहे, इंग्रजी चालतं, हॉटेलांत काम मिळतं. डब्लिनमध्ये खोली मिळणं मात्र महाकठीण, म्हणून कॉर्क किंवा गॉलवेचीही चौकशी कर. आणि तिथून बोटीने इकडे येऊन काम करीन हा विचार डोक्यातून काढ. ती मुभा आयरिश नागरिकांना आहे, आयर्लंडात राहणाऱ्या पोर्तुगीजांना नाही. पाच वर्षं राहून आयरिश नागरिक झालास की मग स्विंडनचंही दार उघडेल, तोवर तुला यायची इच्छा उरली तर. तरुणांसाठी ब्रिटन आणि युनियनमध्ये काही वर्षांच्या व्हिसाची योजना करायचं मे २०२५ मध्ये ठरलंय, पण तिच्या भरवशावर थांबू नकोस.

लिस्बनच्या नोंदीचे कागद आले की त्यातलं आजोबांचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ आणि फोटो मला पाठव. एजंटला पैसे त्यानंतर.

तुझी मावशी