घरची गंगाजळी कंपनीत किती ओतावी?

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या आपल्या स्टार्टअपकडे सध्याच्या गतीने 5 महिने पुरेल एवढीच रोकड उरली आहे आणि घरी 20 महिन्यांच्या खर्चाइतकी बचत आहे. त्यातील 14 महिन्यांची रक्कम कंपनीत घालून वर्षभर स्वतःचा पगार बंद ठेवावा का, असे आपण विचारता. ‘संस्थापकाने एवढा चिवटपणा दाखवायलाच हवा ना?’ हे आपले वाक्य मी दोनदा वाचले, कारण या बेतामागचा खरा आग्रह तिथेच दिसतो.

एका महिन्याचा घरखर्च म्हणजे एक भाग धरू. आपण दिलेल्या आकड्यांनुसार कंपनीची दरमहा तूट, आपल्या पगाराचा एक भाग धरून, 3.5 भाग आहे आणि शिल्लक 17.5 भाग. आपल्या बेताप्रमाणे शिल्लक 31.5 भाग होईल, तूट 2.5 भागांवर येईल आणि कंपनी साडेबारा महिन्यांहून किंचित अधिक तगेल. घराकडे मात्र 6 भाग उरतील आणि पगार नसल्यामुळे ते सहाव्या महिन्याअखेरीस संपतील. त्यानंतर येणाऱ्या गुंतवणूकदाराशी आपण वाटाघाटी करणार नाही, तो देईल ती किंमत घ्याल. चिवटपणाचा हा हिशेब मला उलटा वाटतो.

याऐवजी पगार निम्मा करा आणि इतर खर्चातून आणखी अर्धा भाग कमी करा. तूट तेवढीच, म्हणजे 2.5 भागांवर येते आणि आहे त्या शिल्लकीत कंपनी 7 महिने चालते. त्यात घरच्या बचतीतले फक्त 5 भाग घातले तर 9 महिने होतात, आणि नवव्या महिन्याअखेरीसही घरी साडेदहा भाग शिल्लक राहतात. साडेतीन महिन्यांचा अवधी आपण गमावता हे खरे, पण पुन्हा निर्णय घेण्याची मोकळीक हाती राहते आणि माझ्या मते तिचे मोल अधिक आहे. ग्राहकांकडील बिले 90 दिवसांनी वसूल होतात, असे आपण लिहिले आहे. तिथे 60 दिवसांवर आलात, तर तूट कमी न होताही रोकड एकदा मोकळी होईल. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेक संस्थापक ते शेवटी करतात.

हे 5 भाग भागभांडवल म्हणून न देता लेखी कर्ज म्हणून द्या, कारण कंपनी बंद करण्याची वेळ आली तर भागधारकांच्या आधी कर्जदात्यांची देणी भागवली जातात. तारण ठेवून कर्ज घेतलेल्यांचा हक्क बहुधा आपल्याही आधी येईल, हे मात्र गृहीत धरा.

बँकेने मागितलेल्या वैयक्तिक हमीला माझा स्पष्ट विरोध आहे. कंपनी मर्यादित दायित्वाची असण्याचा, म्हणजे तिच्या कर्जाची झळ घरापर्यंत न येण्याचा, लाभच त्या एका सहीने त्या कर्जापुरता संपतो, आणि घरी राखलेले साडेदहा भागही मग सुरक्षित राहत नाहीत.

आणखी पैसे घालायचे की नाही, हे चौथ्या महिन्यात ठरवा. त्यासाठी किती ग्राहकांनी करार नव्याने केले पाहिजेत, तो आकडा आजच लिहून जोडीदाराकडे ठेवा, कारण चौथ्या महिन्यात तो आपल्याला नक्कीच कमी करावासा वाटेल.