स्कॅनच्या आधी विचारायचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी कराडला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात पदार्थविज्ञान शिकते. गेल्या दिवाळीत माझ्या आईचा हाडांचा स्कॅन झाला. अहवालात गुडघे आणि कमरेच्या मणक्यांत ‘अपटेक वाढलेला’ असे आले आणि घरातले सगळे घाबरले. शेवटी ती वयाप्रमाणे झालेली झीज निघाली. तेव्हापासून मुलगी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट व्हायचे म्हणते. सगळे यंत्रच करत असेल, तर त्यात शिकण्यासारखे काय आहे? आणि किरणोत्सारी औषधांजवळ तिने रोज काम करणे सुरक्षित आहे का? (एक पालक)

उत्तर : ज्या ‘अपटेक’ शब्दाने आपण घाबरलात, तिथूनच सुरुवात करू. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघून शरीरातून आरपार जातात आणि अवयवाचा आकार दिसतो. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषध रुग्णाला दिले जाते, किरण त्याच्या शरीरातून बाहेर पडतात आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो. दिलेल्या औषधापैकी अवयवाने किती उचलले, तो त्याचा अपटेक. म्हणजे इथे आकारापेक्षा काम दिसते. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्निशियम-९९एम हे समस्थानिक एमडीपी या फॉस्फरसयुक्त संयुगाला जोडून शिरेतून देतात, आणि नवे हाड जिथे घडत असते तिथे ते अधिक साठते. ही घडण मोडलेले हाड जुळताना होते, झिजेमुळे होते आणि कर्करोग हाडात पोहोचल्यावरही होते. यांपैकी कारण कोणते, हे तो ठिपका एकटा सांगू शकत नाही. उलट मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाड पोखरले जाते, पण नवे फारसे बनत नाही, म्हणून रोग असूनही हा स्कॅन कित्येकदा निर्दोष दिसतो.

आता यंत्राविषयी. समजा, छातीत धडधड आणि वजन घटल्याची तक्रार असलेली एक बाई थायरॉईडच्या तपासणीसाठी आली आहे आणि तिच्या रक्तात थायरॉईडचे संप्रेरक वाढलेले आहे. ही ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरक बनवते, म्हणून इथे किरणोत्सारी आयोडीनचा अपटेक मोजतात. ग्रेव्हज आजारात ग्रंथी स्वतःच जादा संप्रेरक बनवत असते, त्यामुळे अपटेक वाढतो. ग्रंथीला सूज येऊन साठलेले संप्रेरक रक्तात सांडत असेल, तर अपटेक अगदी कमी येतो. पहिल्या आजारात ग्रंथीला आवर घालणारी औषधे किंवा किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागते, तर दुसऱ्यात त्या औषधांचा उपयोगच नसतो आणि सूज बहुधा आपोआप ओसरते. पण या बाईंचा दोन आठवड्यांपूर्वी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसण्यासाठीचे औषध) देऊन सीटी स्कॅन झालेला असेल, तर शरीर आधीच आयोडीनने भरलेले असते आणि ग्रेव्हज असूनही अपटेक खोटा कमी दिसतो. यंत्र हे ओळखत नाही. ‘अलीकडे सीटी झाला होता का? थायरॉईडची गोळी चालू आहे का?’ हे औषध देण्यापूर्वी विचारणारा माणूस तिथे लागतो, आणि पुष्कळदा तो टेक्नॉलॉजिस्टच असतो.

हाडांच्या स्कॅनमध्येही असेच सापळे आहेत. लघवीतून बाहेर पडणाऱ्या औषधाचा एक थेंब कपड्यावर सांडला, तर चित्रात तो खुब्याच्या हाडातल्या डागासारखा उमटू शकतो. कपडा बदलून पुन्हा चित्र घेतले की तो नाहीसा होतो. इंजेक्शन शिरेबाहेर गेले, तर कोपराजवळ मोठा काळा डाग दिसतो.

मुलीला गणित आवडत असेल, तर अपटेकचा आकडा कसा काढतात ते तिला दाखवा. रुग्णाला देतात तेवढेच किरणोत्सारी आयोडीन मानेच्या प्रतिकृतीत ठेवून त्याचे मोजमाप घेतात. समजा, ते पार्श्वभूमी (परिसरातले किरण) वजा करून ३९,६०० आले. २४ तासांनी रुग्णाच्या मानेवर ९,९०० मोजले गेले आणि मांडीवर १,९८०. मांडीत थायरॉईड नाही, म्हणून तिथला आकडा रक्तातल्या व इतर ऊतींतल्या आयोडीनचा धरून वजा करायचा. उरले ७,९२०, म्हणजे अपटेक २० टक्के. साधारण १० ते ३० टक्के हा निरोगी पल्ला मानतात. प्रतिकृतीही त्याच वेळी पुन्हा मोजली, तर मधल्या काळात आयोडीनचा जो ऱ्हास झाला, त्याचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. ही युक्ती वाचून तिचे डोळे चमकले, तर माझ्या मते कोणत्याही कलचाचणीपेक्षा तो कौल मोठा.

सुरक्षिततेबद्दलची आपली काळजी रास्त आहे. ‘काही होत नाही’ असे म्हणून मी ती उडवून लावणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट अशी मर्यादा घातलेली आहे, आणि छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजवरून प्रत्येकाला मिळालेल्या मात्रेची नोंद राहते. शिशाच्या आवरणातली सिरिंज, झटपट हात आणि रुग्णापासून राखलेले अंतर, यांवर बरेच काही अवलंबून असते. अंतर दुप्पट केले, की मात्रा साधारण चौथाईवर येते. टेक्निशियमचे अर्धायुष्यही, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, फक्त सहा तासांचे आहे. स्त्री कर्मचाऱ्याने गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलीसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, असा नियम आहे, त्यामुळे कळवण्यात संकोच करू नये, हे तिला आजच सांगून ठेवा.

शिक्षणासाठी सर्वांत आधी परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर पाहावे. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था १९६३ पासून या विषयात काम करते आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंडीगडच्या पीजीआयमध्येही या विषयात एम.एस्सी. करता येते. जागा मोजक्या असतात आणि पात्रतेचे तपशील त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे लागतात. खासगी संस्थेचा विचार केलात, तर तिथली पदवी नियामक मंडळाच्या निकषांत बसते का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. नुसत्या ‘इमेजिंग’ या नावावर जाऊ नका. नोकऱ्याही मोठ्या शहरांतच एकवटलेल्या आहेत, तेव्हा मुलगी कराडला परतेल, हे गृहीत धरू नये.

आपल्या मातोश्रींच्या स्कॅनची फिल्म घरात असेलच. ती खिडकीच्या उजेडात धरून मुलीला एवढेच विचारा, की स्कॅन हाडांचा असताना दोन्ही मूत्रपिंडे आणि मूत्राशय त्यात का दिसतात, आणि स्कॅनच्या आधी आजीला भरपूर पाणी प्यायला सांगून दोन-तीन तास का बसवून ठेवले होते. तिचे उत्तर मला अवश्य कळवा.